कॉलेज बघण्याचा कार्यक्रम

सुमनबाईंनी आजवर घरातल्या पोरापोरींची एकोणीस स्थळं बघितली होती आणि त्यांतली अकरा मोडली होती. मोडलेल्या अकरांपैकी एकाचाही त्यांना पस्तावा नव्हता. जुळवलेल्या आठांपैकी दोनांचा होता, पण तो त्या कुणाला सांगत नसत. त्यामुळं मंगळवारी दुपारी अहमदपूरहून धाकट्या भावाचा, धम्मानंदचा फोन आला, "आक्का, दिपालीचं ठरवायचंय, सांजच्याला ये," तेव्हा त्यांनी हातातलं लसीकरणाचं रजिस्टर मिटलं आणि सवयीनं विचारलं, "पोरगा काय करतो?"

"पोरगा न्हाई गं. कॉलेज."

"मग मला कामून बोलवायलास?"

धम्मानंदनं उत्तर दिलं नाही. तो उत्तर देत नाही म्हणजे घरात भांडण झालेलं आहे, हे सुमनबाईंना बोर्डावरच्या अक्षरासारखं स्पष्ट वाचता येत होतं. त्यांनी पिशवीत एक लुगडं टाकलं, शेजारणीला कोंबड्या बघायला सांगितल्या आणि मुखेडच्या फाट्यावर येऊन एसटी धरली.

अहमदपूरच्या घरात सगळे आधीच बसले होते. धम्मानंद पंचायत समितीतला वरिष्ठ लिपिक. घरातसुद्धा फाईल पुढ्यात असल्यासारखा बसायचा. त्याची बायको विमल चहाचे कप गोळा करत होती आणि ज्या अर्थी जोरात आपटत होती त्या अर्थी ती नवऱ्याच्या बाजूनं होती. थोरले भाऊ रामकिशन, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती दिपाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

दिपालीनं दोन वर्षं लातूरला काढली होती. क्लास, हॉस्टेल, मेस, टेस्ट, पुन्हा टेस्ट. घरातली पहिली डॉक्टर होणार म्हणून धम्मानंदनं दारावर पाटी कुठं लावायची ती जागासुद्धा ठरवून ठेवली होती. पहिल्या वेळी प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षाही अकरा कमी पडले. तिसऱ्यांदा बसायला पोरीनं साफ नकार दिला. रक्त तपासायचं शिकते, लॅबमध्ये काम करते, असं ती म्हणाली, आणि इथवर बापानंही मान्य केलं होतं. भांडण कुठं शिकायचं यावरून होतं.

"लातूरला रिंगरोडला नवीन कॉलेज झालंय," धम्मानंद म्हणाला. "चार मजली. तीन वर्षांची डिग्री. शुक्रवारी पाचच्या आत पैसे भरायचे, न्हाई तर सीट गेली. मी प्लॉट विकायचं बोलणं करून ठेवलंय."

"आणि हिला कुठं जायचंय?"

"मुखेडला." धम्मानंदनं तो शब्द असा उच्चारला की जणू पोरगी पळून जायची म्हणाली होती. "कम्युनिटी कॉलेज म्हणं. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये भरतंय. डिग्री न्हाई, डिप्लोमा. आक्का, लोकं मुखेडहून लातूरला शिकायला जातात. माझी पोरगी लातूरहून मुखेडला जायचं म्हणती. उलटी गंगा वाहायली आमच्या घरात."

"तिथं शिकवतात, पप्पा," दिपाली उंबऱ्यावरून म्हणाली.

"आणि लातूरला काय गोट्या खेळतात?"

"धम्मा बरोबर बोलायलाय," रामकिशन म्हणाले. "लातूरला गेलेलं लेकरू फुकट गेलं असं मी तीस वर्षांच्या नोकरीत बघितलं न्हाई. मुखेडच्या गाडीत बसून कोण मोठं झालं सांग मला."

"मी बसले की आत्ता," सुमनबाई म्हणाल्या. "मुखेडच्याच गाडीत."

विमल हसली आणि लगेच गप्प झाली. धम्मानंद मात्र हसला नाही. तो खाली बघत म्हणाला, "आक्का, डॉक्टर झाली न्हाई ते झाली न्हाई. निदान कॉलेज तरी चार लोकांत सांगण्यासारखं असावं का न्हाई?"

शेवटी रामकिशननीच तोड काढली. "हे बघा, सुमन हाय की. ह्या घरातलं एक स्थळ तिच्या नजरेखालून गेल्याबिगर जुळलं न्हाई. कॉलेज म्हणजे तरी काय, पोर तीन वर्षं दुसऱ्याच्या घरी द्यायची. बघू द्या तिला दोन्ही. ती हाव म्हणंल ते."

"चालंल," धम्मानंद म्हणाला, कारण चार मजल्यांपुढं जिनिंगची शेड टिकेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दिपालीनं मात्र आत्याकडं अशा नजरेनं बघितलं की सुमनबाईंना आपल्या एकोणीस स्थळांचं ओझं पहिल्यांदा जाणवलं.

स्थळ बघण्याची सुमनबाईंची स्वतःची रीत होती. कळवून जायचं नाही. काहीतरी निमित्त काढायचं, शेळी बघायला आलो म्हणावं, पत्ता चुकलो म्हणावं. घरच्यांच्या तोंडचं ऐकायचं पण धरायचं नाही. आणि त्या घरातून जी सून सोडून गेली असेल तिला हुडकून काढून हटकून विचारायचं. नांदणारी खरं बोलत नाही, म्हणायच्या त्या. सोडून गेलेलीला लपवायचं काही राहिलेलं नसतं.

बुधवारी लातूरला त्या धम्मानंदबरोबरच गेल्या, म्हणजे रीत तिथंच मोडली. त्यानं फोन करून ठेवला होता. काचेचं दार आपोआप उघडलं, आत गार हवा, गुळगुळीत फरशी. सुदर्शन नावाचे टाय लावलेले सर हात जोडून पुढं आले. त्यांनी पाणी दिलं, माहितीपुस्तक दिलं, आणि दोनच सीट शिल्लक आहेत असं तीनदा सांगितलं. फीचा आकडा त्यांनी कागदावर लिहून कागद उलटा करून धम्मानंदकडं सरकवला. शिष्यवृत्तीचं विचारल्यावर, त्याचं नंतर बघू, आधी सीट पक्की करा, म्हणाले.

"पोरीला मार्क किती हायत ते न्हाई विचारलं तुम्ही," सुमनबाई म्हणाल्या.

"त्याची काही अडचण नाही, आत्याबाई."

सुमनबाईंच्या कपाळावर एक आठी चढली. पोरगी न बघताच होकार देणारी माणसं त्यांनी पाच बघितली होती, आणि पाचही ठिकाणी पोरात खोट निघाली होती. "सोडून गेलेलं लेकरू कोणी हाय का इथलं? फोन नंबर मिळंल का?"

सर हसले. "आमच्याकडून कुणी सोडून जात नाही."

तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. ओळीनं पंचवीस सूक्ष्मदर्शक मांडलेले होते, आणि पंचवीसच्या पंचवीसांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. धम्मानंद कौतुकानं मोजत होता. सुमनबाई जिन्यात थांबल्या आणि वर येणाऱ्या एका पोरीला त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, रक्त काढायचं शिकवलं का तुम्हाला?"

"ते शेवटच्या वर्षाला असतं, मावशी."

"तू कितव्या वर्षाला हायस?"

पोरगी घुटमळली. "शेवटच्याच."

परतीच्या गाडीत धम्मानंद खिडकीतून बाहेर बघत मोठ्या समाधानानं म्हणाला, "काय वाटलं?"

"पाणी गार होतं," सुमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बडा घर पोकळ वासा हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण भावाच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी आलेला उजेड बघून ते त्यांनी गिळलं.

गुरुवारी मुखेडला मात्र त्या एकट्या गेल्या, आणि रीतीनं गेल्या.

जिनिंगची शेड त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. पत्रे तेच, भिंतीला नवा चुना. दाराबाहेर पाटी होती : रक्त, लघवी तपासणी, सकाळी दहा ते एक, माफक दरात. शिकणारी पोरं तपासतात, वर मॅडमची नजर असते, असं रांगेतल्या म्हाताऱ्यानं सांगितलं. निमित्त आयतंच मिळालं. सुमनबाई पदर डोक्यावर ओढून रांगेत बसल्या आणि नंबर आल्यावर अडाणी बाईच्या आवाजात म्हणाल्या, "चक्कर येती बाई मला. लई थकल्यावानी वाटतंय. बघा काय ते."

वैष्णवी नावाची विशीतली पोरगी होती. तिनं नाव, गाव, वय विचारलं, हात धुतले, हातमोजे चढवले आणि दंडाला पट्टा बांधताना सांगितलं, "मावशी, मुंगी चावल्यासारखं होईल, हात हलवू नका." शीर एका दमात सापडली. सुमनबाईंनी मनात एक खूण केली. मग वैष्णवीनं काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला, दुसरी काच त्याला लावली आणि ओढणार, तेवढ्यात सुमनबाईंच्या तोंडून निघून गेलं :

"काच लई उभी धरलीस. जाड थर व्हतो. जरा निजती धर."

वैष्णवीचा हात थांबला. मागच्या टेबलाशी वहीत काही लिहिणाऱ्या बाईंनी मान वर केली. पन्नाशीच्या, सुती साडी, पांढरा एप्रन, कोपरापर्यंत जांभळे डाग. त्या उठून जवळ आल्या.

"बरोबर सांगितलं त्यांनी, वैष्णवी. तिरपी धर." मग त्या सुमनबाईंकडं वळल्या. "आणि तुम्ही कोण?"

झालं. एकोणीस स्थळांत जे घडलं नाही ते विसाव्याला घडलं. सुमनबाईंचं सोंग पकडलं गेलं, तेही स्वतःच्याच जिभेनं. त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. "मी गावची आशाताई हाय, सरकारी आरोग्याच्या कामाची. अठरा वर्षं झाली. तापाचे रुग्ण निघाले की रक्ताच्या काचपट्ट्या मीच करून धाडते. भाचीला इथं घालायचं का, ते बघायला आले. खोटं बोलले, चुकलं."

"चुकलं कशानं," त्या बाई म्हणाल्या. "मी मनस्विनी. हा विभाग माझ्याकडे आहे. काचपट्टी पाठवता म्हणालात. पुढं तिचं काय होतं, बघितलंत कधी?"

"न्हाई. आम्ही फक्त धाडतो. निगेटिव्ह, पॉझिटिव्ह एवढं कळतं."

"मग बसा. तुमची स्वतःचीच दाखवते."

वैष्णवीनं काच वाळवली, तिच्यावर रंग ओतला, घड्याळ लावून थांबली, पाण्यानं हळुवार धुतली. सूक्ष्मदर्शकाचा रंग उडालेला होता आणि एका बाजूला चिकटपट्टी होती. सुमनबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळा लावला. आधी काहीच दिसलं नाही. स्वतःच्याच पापण्या दिसल्या. वैष्णवीनं बाजूचं चाक एवढंसं फिरवलं.

आणि दिसलं.

गुलाबी, फिकट, गोल, शेकड्यांनी. कासाराच्या दुकानात लेकरांच्या बांगड्या सांडाव्यात तशा, एकमेकींना टेकलेल्या, मधोमध मोकळ्या. त्यांच्यात एक मोठी गर्द जांभळी, पोटात तीन-चार गाठी असलेली. वैष्णवी कानाशी म्हणाली, ती पांढरी पेशी, आजाराशी लढते. काच थोडी सरकवली तर आणखी शेकडो. आणखी सरकवली, आणखी. संपतच नव्हतं.

"हे माझं हाय?"

"हाव मावशी. तुमचंच."

त्यांना डोळा काढावासा वाटेना. अठरा वर्षं. उन्हातान्हात, पाण्यापावसात, वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर, किती काचपट्ट्या केल्या त्याची गणती नाही. प्रत्येकीवर नाव लिहिलं, कागदात गुंडाळली, पिशवीत घातली, पोचवली. त्या प्रत्येक काचेवर हे एवढं सगळं होतं आणि आपल्याला कधी कुणी म्हणालं नाही की ये, बघ. त्यांना एकदम भरून आलं. ते रडू दुःखाचं नव्हतं. एवढं मोठं जग आपल्याच अंगात सत्तावन्न वर्षं वाहत होतं आणि आपली त्याची गाठ आज पडली, याचा तो अचंबा होता. देवळात कधी न जोडलेले हात त्यांना तिथं जोडावेसे वाटले.

"मावशी," वैष्णवी अडखळत म्हणाली, "ह्या मधून एवढ्या मोकळ्या नसाव्यात. लहानही हायत." तिनं उरलेलं रक्त मोजणीच्या यंत्रात घातलं, त्यावरचा आकडा वहीत लिहिला आणि वही झाकून ठेवली. मनस्विनी मॅडमनी दुसऱ्या पोराला बोलावलं आणि तोच नमुना त्याच्याकडं दिला. पहिला आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही, असा तिथला नियम होता. दोघांचं जुळल्याशिवाय कागद बाहेर जात नव्हता. दोघांचं जुळलं. हिमोग्लोबिन सात पॉइंट एक, जे बाईला बारा तरी लागतं.

सुमनबाई तो आकडा बघतच राहिल्या. चक्कर येते असं त्या निमित्त म्हणून बोलल्या होत्या. पण चढ चढताना दम लागतो, संध्याकाळी पाय उचलत नाहीत, हे खरंच होतं. वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अठरा वर्षं गावातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या, न घेणाऱ्यांना रागावल्या, आणि स्वतः एक गोळी तोंडात टाकली नाही.

"आम्ही औषध सांगत नाही," मनस्विनी मॅडम म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात डॉक्टरला दाखवायचं. रक्त कुठं जातंय हे शोधलं पाहिजे. उद्याच जा."

"जाते. पण आधी माझं काम होऊ द्या." सुमनबाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा मूळ पदावर आल्या. "प्रवेश कसा देता?"

"बारावीचे मार्क बघतो. मग लेकरू चार दिवस इथं येऊन बसतं. रक्त बघून घेरी येते का, कंटाळतं का, हात स्थिर आहे का. मग फॉर्म. तीस जागा आहेत. तुमची भाची मागच्या आठवड्यात चार दिवस येऊन गेली, दिपाली ना? एका दिवशी मी घरी जा म्हणेपर्यंत उठली नाही."

ही गोष्ट घरी कुणालाच ठाऊक नव्हती. सुमनबाईंनी ती पदराला बांधली. "पैसे?"

"वर्षाला बारा हजार. शिष्यवृत्ती बसते, अर्ज आम्हीच भरून घेतो."

"वरून काय?"

"एप्रन आणि वही. वरून काही नाही." मॅडमनी पुढं सांगितलं, "पण खोटं आश्वासन देत नाही. हा डिप्लोमा आहे. पहिला पगार बारा-पंधरा हजारांच्या वर जात नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो, दुपारी इथं बसवत नाही. एक यंत्र चार महिने बंद आहे. मुलींसाठी वसतिगृह नाही. आणि मी सोडले तर शिक्षक कंत्राटी आहेत."

आजवर कुठल्याही वरमाईनं आपल्या घरातली खोट अशी आपणहून सांगितली नव्हती. सुमनबाईंना ही बाई आवडून गेली. पण रीत ती रीत. "इथून सोडून गेलेलं लेकरू कोण?"

मॅडमनी वहीतून एक नंबर काढून दिला. "अमरेश. दीड वर्ष होता. तुम्हीच लावा. मी बाहेर थांबते."

अमरेशनं फोन उचलला तेव्हा मागं डाळमिलची घरघर चालली होती. "मला रक्त बघवत नव्हतं, मावशी," तो ओरडून सांगत होता. "लई प्रयत्न केला, जमलंच न्हाई. मॅडमनी राहिलेली फी परत केली. लातूरला ह्या मिलमध्ये त्यांनीच शब्द टाकला, इथल्या लॅबमध्ये डाळीचा ओलावा बघतो मी आता. तुम्ही तिथंच हाव का? मॅडम बऱ्या हायत ना? त्यांना सांगा, दिवाळीला येतो."

सुमनबाईंनी फोन ठेवला. सोडून गेलेल्या सुनेनं सासूची खुशाली विचारलेली त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

सांजेला अहमदपूरच्या घरात पुन्हा तेच सगळे, त्याच जागांवर. फक्त दिपाली उंबऱ्यावरून उठून भिंतीशी उभी होती. सुमनबाई पाणी प्याल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लातूर नको. मुखेड."

"आक्का," धम्मानंद कसाबसा म्हणाला, "पत्र्याच्या शेडमध्ये?"

"पत्रा तापतो, हाव. त्यांनीच सांगितलं. तुझ्या लातूरवाल्यानं एक तरी वाईट गोष्ट सांगितली का? पंचवीस मशिनी हायत, पंचवीसांवरचं प्लास्टिक निघालेलं न्हाई. तू मोजत होतास, मी बघत होते."

"डिग्री हाय ती."

सुमनबाईंनी पिशवीतून कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. धम्मानंदनं वाचला, पुन्हा वाचला. "सात पॉइंट एक? हे कुणाचं?"

"माझं. दोघा लेकरांनी वेगवेगळं तपासलं, तेव्हा हातात दिलं."

विमल स्वयंपाकघरातून धावत आली. "वन्सं, सात? आणि तुम्ही ह्या रक्तावर दोन दिवस एसट्यांनी फिरायलाव?" तिनं कागद नवऱ्याच्या हातातून ओढून घेतला. "कोणत्या पोरीनं काढलं हे? आणि तुम्ही काय लातूर लातूर लावलंय हो. मला तर ही पोरगी पायजे घरात." विमलनं बाजू बदलली हे सगळ्यांना कळलं, तिला सोडून.

दिपाली पुढं आली. तिनं कागद बघितला आणि मग आत्याकडं. "तुम्ही बघितल्या, आत्या? पेशी?"

"बघितल्या. माय गं, दिपाली, काय सांगू तुला."

"पप्पा," दिपाली म्हणाली, "लातूरला दोन वर्षांत रक्ताच्या पेशींवर मी हजारभर प्रश्न सोडवले असतील. सगळी नावं पाठ हायत. खरी पेशी मी एकदाही बघितली नव्हती. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा बघितली, मुखेडला. तुम्हाला न सांगता गेले होते. मला वाटलं मी दोन वर्षं ज्याच्याबद्दल वाचत होते ते हे, आणि मला कुणी सांगितलंच न्हाई की ते एवढं सुंदर असतंय."

धम्मानंद हातांकडं बघत बसला. "एकदाही न्हाई?" त्यानं हळूच विचारलं. "दोन वर्षांत?"

"न्हाई."

रामकिशननी पाय खाली घेतले आणि घसा खाकरला. "अहमदपूर-मुखेड पहिली गाडी सकाळी सव्वासातला हाय," ते म्हणाले. "जागा मिळती."

शुक्रवारी सगळेच गेले. आधी सरकारी दवाखाना, मग कॉलेज. धम्मानंद शेडमध्ये शिरला तेव्हा त्यानं पत्र्याकडं बघितलं, टेबलांवरच्या जांभळ्या डागांकडं बघितलं, आणि मग एका टेबलाशी तीन पोरांना एकाच काचेवरून हुज्जत घालताना बघितलं. बराच वेळ तो तिथंच उभा राहिला. कुणीतरी त्याला खुर्ची दिली; तो बसला नाही.

फॉर्म मनस्विनी मॅडमनी स्वतः भरायला घेतला. "पालकाचं नाव?"

"सुमनबाई सोनकांबळे," धम्मानंद म्हणाला. "आत्या लिहा."

"वडील समोर असताना?"

"बाप मीच हाय, मॅडम. पण मी इमारत बघून आलो. कॉलेज हिनं बघितलं."

मॅडमनी लिहिलं. "शिक्षण?"

"नववी," सुमनबाई म्हणाल्या.

मॅडमचं पेन थांबलं. "नववीच? काल तुम्ही जे विचारलंत ते आमच्या तपासणीला येणारे साहेबसुद्धा विचारत नाहीत."

सुमनबाई हसून काही बोलणार होत्या. पण धम्मानंद मधेच बोलला. त्याचा आवाज ऑफिसातला नव्हता.

"नववीत वर्गात पहिली आली होती ती. दहावीला तिला इथंच, मुखेडला मावशीकडं ठेवायचं ठरलं होतं. त्याच साली माझं नांदेडच्या बोर्डिंगचं निघालं. दोघांचं झेपणार नव्हतं. बाबांनी मला रानात बाजूला घेऊन विचारलं, तू जातोस का आक्काला धाडू? मी म्हणलो, मी जातो. दहा वर्षांचा होतो. पण मला कळत होतं मी काय म्हणायलोय ते."

सुमनबाईंना हे ठाऊक नव्हतं. बेचाळीस वर्षं त्या समजून होत्या की बाबांनी ठरवलं, गरिबीनं ठरवलं. त्यांना राग आला. लई राग आला. आणि त्याच वेळी हेही दिसलं की हा माणूस एवढी वर्षं हे गिळून बसला होता आणि आज लेकीसमोर, परक्या बाईसमोर ते काढून ठेवून उघडा झाला होता. विमलनं पदर तोंडाला लावला होता. रामकिशन दुसरीकडं बघत होते.

"मला कुणी विचारलंच न्हाई, धम्मा," सुमनबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर मीही तेच म्हणले असते. मी जाते."

धम्मानंदनं मान हलवली.

मॅडमनी फॉर्म फिरवून पुढं सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. सुमनबाईंनी पेन उचललं, पण सही केली नाही. त्या दिपालीकडं वळल्या.

"तुझ्याच मनातलं हाय, मला ठाऊक हाय. तरी विचारते. तू जातीस का?"

"जाते, आत्या," दिपाली म्हणाली.

मग त्यांनी सही केली.